वन्संनी सांगितलं होतं

लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझं माहेर साताऱ्याचं. कल्याणबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तिथे गाड्या बदलतात. पारनाक्याजवळ एका घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्याने होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला विहिरीपाशी उतरणारा लाकडी जिना. खाली घरमालक आणि मालकीणबाई राहत. वर आम्ही चौघं: सासूबाई, माझे यजमान, मी, आणि वन्सं, म्हणजे यांची मोठी बहीण.

वन्संबद्दल लग्नाआधी आम्हाला सांगितलं होतं की त्यांचं सासर नाशिककडे आहे, तब्येत बरी नसते म्हणून सध्या माहेरी आहेत. माझ्या वडिलांनी फारशी चौकशी केली नाही. मुलगा रेशनिंगच्या कचेरीत कारकून, निर्व्यसनी, घरात माणसं मोजकी. त्यांना तेवढं पुरलं.

खरी गोष्ट मला विहिरीवर कळली. पाणी शेंदताना शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "काय गं, ठाण्याहून आलेली ती, बरी असते ना आता?"

"ठाण्याला आमचं कुणीच नाही हो," मी म्हटलं.

दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि समजावलं. इकडे कुणी 'ठाण्याला होती' म्हटलं की ते गावाबद्दल नसतं, तिथल्या वेड्यांच्या इस्पितळाबद्दल असतं. आमच्या साताऱ्याकडे अशा वेळी येरवड्याचं नाव घेत, म्हणून मला उमगलं नव्हतं. वन्संचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्यानंतर त्या जेवेनात, झोपेनात, रिकामा पाळणा हलवत बसायच्या. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. मग दीड वर्ष त्या ठाण्याला होत्या. बऱ्या होऊन घरी आल्याला वर्ष होत आलं होतं.

मला भीती वाटली नाही. आमच्या घरात सगळ्यांत शांत, सगळ्यांत नीटनेटकं माणूस कुणी असेल तर त्याच होत्या. मला राग आला तो फसवल्याचा. आणि रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याला तेव्हा मी नाव देत नव्हते.

हे संध्याकाळी कचेरीतून आले की हातपाय धुऊन आधी वन्संपाशी जायचे. खिडकीखाली त्यांचं शिवणाचं यंत्र होतं. तिथे पाटावर बसून विचारायचे, "ताई, दुपारी झोप लागली का? आज काय शिवलंस?" मग वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या हसायच्या, मध्येच काहीतरी बोलायच्या, की हेही हसायचे. मी पलीकडे चुलीपाशी बसून ते हसणं ऐकायची. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, उद्या दुधी आणतो, आईला काढा दे. ठाण्याच्या डॉक्टरांनीच यांना बजावून सांगितलं होतं की तिला एकटी बसू देऊ नका, रोज तिच्याशी गप्पा मारत जा. हे मला माहीत होतं. पण माहीत असून मनातली आग विझत नाही.

कधी कधी हे दोन गजरे आणायचे. त्यातला एक आधी वन्संपुढे धरायचे. एकदा वन्संनी तो माझ्या वेणीत माळला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या केसांना किती शोभतो." त्यांनी तो स्वतः ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या चांगुलपणाचाही मला राग यायचा.

बाहेरच्या जगात मात्र त्यांना काडीची किंमत नव्हती. त्यांच्या हातची शिलाई इतकी सफाईदार की कल्याणात तशी दुसरीकडे मिळाली नसती. पण ठाण्याहून आलेल्या बाईच्या हातचं अंगावर कोण घालणार? म्हणून सासूबाई कापडं स्वतःच्या नावावर घ्यायच्या. गल्लीतल्या बायका सासूबाईंचं कौतुक करत वन्संनी शिवलेल्या चोळ्या घालायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं तेव्हा निरोप्या सांगायचा, "सूनबाईंना बोलावलंय." वन्संचं नाव कधीच नाही. वन्सं माझ्या पातळाच्या निऱ्या नीट करून द्यायच्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीशी उभ्या राहायच्या. खाली उतरताना मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. जगात एक जागा तरी अशी होती जिथे मला बोलावणं होतं आणि त्यांना नव्हतं.

मग मला मुलगी झाली. बाळंतपण साताऱ्याला झालं. तीन महिन्यांची पोर घेऊन मी परत आले, तेव्हा वन्सं आठ दिवस तिच्याजवळ फिरकल्या नाहीत. लांबूनच बघायच्या. नवव्या दिवशी मुलगी काही केल्या रडायची थांबेना, तेव्हा दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, घेऊ का हिला?"

सासूबाईंचा हात हवेतच थांबला. माझ्या हातांनी पोरीला घट्ट धरलं. हे म्हणाले, "दे तिच्याकडे."

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, आणि पोर गप्प झाली. एकदम गप्प. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

त्या दिवसापासून माझी मुलगी त्यांची झाली. मी दूध पाजत असताना यंत्राचा आवाज आला की ती मान वळवायची. पहिला शब्द बोलली तो "आत्ता", म्हणजे आत्या. पडली, लागलं, की माझ्यासमोरून रडत पळत आत्याकडे जायची. कपडे त्यांनी शिवलेलेच हवेत, घास त्यांनी भरवलेलाच हवा. नऊ महिने पोटात मी वाढवली, आणि घरात आई म्हणून मी फक्त नावाला.

एक दिवस विहिरीवर माझ्या तोंडून निघून गेलं, "पोर सारखी त्यांच्याजवळ असते. मला तर बाई धडकीच भरते."

धडकी वगैरे काही भरत नव्हती. पण त्या एका वाक्याने जादू केली. ज्या बायका मला आजवर साताऱ्याची म्हणून जरा लांबच ठेवायच्या, त्यांनी दगडी पायरीवर सरकून मला जागा दिली. "तुझंही कठीणच आहे हो." "एक डोळा तिच्यावर ठेवत जा." "या आजाराचा काही भरवसा नसतो." मला त्या सहानुभूतीची चटक लागली. मी रोज काहीतरी सांगू लागले. वन्सं काल खिडकीतून एकटक बघत होत्या. वन्सं मनाशी काहीतरी पुटपुटत होत्या. त्या टाके मोजत होत्या, हे मी सांगायची नाही.

मुलगी साडेतीन वर्षांची असताना ते घडलं. थंडीचे दिवस होते. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या, हे कचेरीत. मी तांदूळ निवडत बसले होते. वन्सं पोरीला फ्रॉक घालून, वेण्या घालून दारात आल्या.

"वहिनी, हिला काळ्या तलावावर नेते. बदकं बघायची म्हणते. दिवेलागणीपर्यंत येतो."

"हं," मी म्हटलं.

जिन्यावरून त्या उतरत होत्या तेव्हा मी उठून खिडकीशी गेले आणि पोरीला हाक मारली. तिने वर पाहिलंच नाही. आत्याचं बोट धरून काहीतरी बडबडत उड्या मारत निघून गेली. मी पुन्हा तांदळाशी येऊन बसले. बराच वेळ नुसती बसले होते.

दिवेलागण झाली. त्या आल्या नाहीत. मी देवापाशी दिवा लावला, आमटी उकळायला ठेवली. अंधारून आलं तेव्हा मालकीणबाई ताक मागायला वर आल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "पोर कुठे गं?"

माझ्याकडे सांगायला सरळ उत्तर होतं. तलावावर गेल्यात, येतील इतक्यात. तेवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही. मी आत होते. न सांगताच घेऊन गेल्या वाटतं."

माझा आवाज मला अजून आठवतो. अगदी शांत होता.

मालकीणबाई ओरडतच खाली गेल्या. पाच मिनिटांत गल्ली जमा झाली. घरमालकांनी कंदील काढले. कुणी विहिरीत डोकावलं, कुणी खाडीकडे धावलं. हे कचेरीतून येत होते, त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं की तुमच्या बहिणीने पोर पळवली. हे धावत वर आले, तोंड पांढरंफटक. तेव्हा मी म्हटलं, "तलावाकडे बघा ना एकदा." जणू तेव्हाच मला सुचलं होतं.

वन्सं तलावाच्या पायरीवर बसल्या होत्या. पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती, अंगावर पदर. उठवली तर रडेल म्हणून त्या हलल्या नव्हत्या, एवढंच. पण लोकांनी त्यांना काही विचारलंच नाही. एकाने झडप घालून मुलगी ओढली. ती दचकून किंचाळली. वन्संनी तिला सोडलं नाही. कुठली आई सोडेल? मग दोघांनी त्यांचे हात मागे धरले. त्यांनी हिसका दिला. पुढे वर्षभर गल्लीत तो हिसका 'झटका' म्हणून सांगितला गेला. हे पोचले तेव्हा त्यांचा पदर खाली लोळत होता. यांनी तो उचलून त्यांच्या खांद्यावर घातला आणि त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला.

घरी आल्यावर सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत उभे होते. हे म्हणाले, "ताई, सांगून का नाही गेलीस गं?"

"सांगितलं होतं रे," त्या म्हणाल्या. "वहिनींना सांगूनच गेले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

घरमालक यांना म्हणाले, "बघा. आता तिला आठवतही नाही. आमच्याही घरात लेकरं आहेत."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता. शाळेत पाठ केलेलं ऐन वेळी विसरल्यावर मुलं बघतात तसं त्या बघत होत्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या.

दुसऱ्या दिवशी घरमालकांनी सांगितलं, ती तरी जाईल नाहीतर तुम्ही सगळे. हे वन्संना घेऊन ठाण्याला गेले. डॉक्टरांनी बराच वेळ त्यांच्याशी एकट्याने बोलून पाहिलं आणि बाहेर येऊन यांना म्हणाले, "मूल झोपलं म्हणून बाई बसून राहिल्या, यात आजार कुठला? यांना काही झालेलं नाही. घरी न्या." पण घर आता त्यांचं उरलं नव्हतं. टिटवाळ्याला सासूबाईंची एक विधवा बहीण देवळाजवळ दोन खोल्यांत राहायची. हे वन्संना तिच्याकडे पोचवून आले. आठ दिवसांनी यंत्रही गेलं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. घर माझं, नवरा माझा, मुलगी माझी. संध्याकाळी हे कचेरीतून यायचे, पाट घेऊन खिडकीखाली बसायचे आणि वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचायचे. मी जवळ जाऊन विचारलं, "काय लिहिलंय?" तर म्हणायचे, "काही विशेष नाही." पोर पहिले काही दिवस आत्या, आत्या करत राहिली. मग विचारायची थांबली. माझ्या हातचं मुकाट जेवायची. रडायची नाही, हसायचीही नाही. त्या आता घरात नव्हत्या, तरी मला त्यांचा मत्सर वाटायचा, आणि तो आधीपेक्षा वाईट होता, कारण आता भांडायला समोर कुणी नव्हतं.

चार महिन्यांनी पोरीला ताप आला. तापात तिने पुन्हा आत्याचा घोशा लावला. बरी झाल्यावर मी तिला घेऊन टिटवाळ्याला गेले. हे येतो म्हणाले, पण मी एकटीच गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

वन्सं वाळल्या होत्या. पोर धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मावशी तोंडाच्या घट्ट. त्यांनी गावात कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे बायका कापड घेऊन सरळ वन्संकडे यायच्या, त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायच्या. मी हे सगळं बघत होते, आणि तेवढ्यात मला यंत्राच्या फळीवर एक वही दिसली. मुलांची असते तशी, रेघांची. मी सहज उघडली.

'सकाळी देवळात गेले. मावशींना सांगून गेले. मावशी बरं म्हणाल्या.' 'दुपारी भाजी आणली. मावशींना सांगितलं होतं.' 'विहिरीवर गेले. सांगून गेले.' पानामागून पान. प्रत्येक ओळीपुढे मावशींची वाकडीतिकडी सही.

वन्संनी पाहिलं मी काय वाचतेय ते. जरा लाजल्यासारखं हसल्या.

"सवय लावून घेतलीय," त्या म्हणाल्या. "वहिनी, एक विचारू? त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं असं मला अजून वाटतं. तुम्ही दिसता मला, मी बोलताना दिसते. पण तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे मला नाही ते दिसतं. म्हणजे ते पुन्हा सुरू झालंय. डॉक्टर काही म्हणोत. म्हणून लिहून ठेवते."

मी त्यांचं घर घेतलं होतं, भाऊ घेतला होता, पोर घेतली होती. पण मी याहून मोठं काहीतरी घेतलं होतं, आणि ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं होतंत," मी म्हटलं.

"काय?"

"दारात उभं राहून सांगितलं होतंत. काळ्या तलावावर नेते म्हणून. दिवेलागणीपर्यंत येतो म्हणून."

त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि तुम्ही हं म्हणालात."

"हो."

"तांदूळ निवडत होतात."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता त्या रडतील, मला मारतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर पाण्याबाहेर डोकं काढलेल्या माणसासारखं काहीतरी आलं. दोन-तीनदा त्यांनी खोल श्वास घेतला. राग नंतर आला.

"का?" त्यांनी विचारलं.

"पोर तुमच्याकडे जाते म्हणून. हे तुमच्याशी हसतात म्हणून."

"मीसुद्धा तुमचा हेवा करत होते वहिनी," त्या म्हणाल्या. "रोज करत होते. तुमचा नवरा, तुमचं मूल, तुमचं हळदीकुंकू. पण तुमच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे 'ठाण्याला होती' असला शब्द नव्हता." मग म्हणाल्या, "आता जा. आणि हे जसं मला सांगितलंत, तसं माझ्या भावाला सांगा. घरमालकांना सांगा. विहिरीवर सांगा."

मी सांगितलं. यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा जेवले, पण पुढचे कित्येक महिने कामापुरतं सोडून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई तर त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेताना खाली बघायच्या.

विहिरीवर मात्र निराळंच झालं. मी सगळ्यांसमोर म्हटलं की वन्सं मला सांगून गेल्या होत्या, मी खोटं बोलले.

मालकीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती मोठं मन गं तुझं. नणंदेला झाकायला स्वतःवर घेतेस."

"मी खरं सांगतेय हो. पोरीची शपथ!"

"अगं, अशी शपथ घेऊ नये," दुसऱ्या एकीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आम्हाला कळत नाही का?"

खोटं मी एकदाच बोलले होते, तेही आमटी ढवळत. त्यावर अख्ख्या गल्लीने विश्वास ठेवला होता. खरं मी महिनाभर घसा फोडून सांगत राहिले, आणि माझी ख्याती झाली ती सोशिक सून म्हणून.

पुढच्या वर्षी हे म्हणाले की आता इथे राहायचं नाही. डोंबिवलीला नव्या चाळी होत होत्या. स्टेशनापासून जरा आत, आजूबाजूला अजून शेतं होती. तिथे आम्ही तीन खोल्या घेतल्या. त्यातली उजेडाची एक यांनी रिकामी ठेवली. वन्सं आल्या, चार दिवस राहिल्या, पाचव्या दिवशी पिशवी भरली.

"इथे तुला कुणी ओळखत नाही ताई," हे म्हणाले.

"तिथे ओळखतात," वन्सं म्हणाल्या. "मी मावशींना सांगितलं, आता लपवायचं नाही. शिवायला टाकणाऱ्यांतल्या दोघी यायच्या बंद झाल्या. बाकीच्या येतात." त्या जायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला, पण नेहमीचा आशीर्वाद पुटपुटल्या नाहीत.

लेक दर सुट्टीत टिटवाळ्याला जायची. तिला वाचता येऊ लागलं तशी वन्संची कार्डं तिच्या नावाने यायला लागली, मोठ्या सुट्ट्या अक्षरांत. ती शाळेत असताना पोस्टमन यायचा, म्हणून कार्ड आधी माझ्या हातात पडायचं. वाचू नये असं मी दर वेळी ठरवायची, आणि दर वेळी वाचायची. देवळामागे मांजरीला पिल्लं झाली. निळा फ्रॉक बेतून ठेवलाय. दात पडला का दुसरा? एकेक ओळ वाचताना तेच जुनं जागं व्हायचं. ते कधी गेलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला असं लिहायला मला कधीच जमलं नसतं.

एकदा कार्डाच्या तळाला, पत्त्याला खेटून एक ओळ होती: 'तुझ्या आईला हे वाचून दाखव.'

मी कार्ड फडताळावर ठेवलं. लेक शाळेतून आली, दप्तर टाकून तिने ते घेतलं आणि बोट ठेवत, अडखळत वाचायला लागली. शेवटच्या ओळीशी ती थांबली आणि तिने हाक मारली, "आई, इकडे ये. हे तुला पण आहे."

मी हात पुसत तिच्याजवळ जाऊन बसले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मी ते सगळं, आधी वाचलेलंच नसल्यासारखं, ऐकलं.